मांत्रिकाचं बळ

“मांत्रिक काढून टाका,” सुभेदार म्हणाला. “नाहीतर आम्हा तलवारवाल्यांना घरी पाठवा. ही काय लढाई झाली?”

त्यानं खुर्ची मागे ढकलली. टेबलाभोवतीचे बाकीचे खेळाडू नकाशाकडे बघत राहिले. समोर बसलेली चिमणी मात्र गप्प बसली नाही.

“तुम्हाला हरणं पचत नाही, एवढंच,” ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या ताईच्या कपाळाची शीर तटतटली. हा खेळ तिनं रचला होता. नकाशावर उभी राहून लढणारी पात्रं, प्रत्येकाचं बळ, प्रत्येकाची खोड, सगळं तिचं. त्यातला मांत्रिक तिचा सर्वांत लाडका. त्याला ढाल नाही, चिलखत नाही. एक मंत्र टाकला की तो दमणार आणि पुढची खेळी नुसता उभा राहणार. योद्ध्याच्या दोन चांगल्या वारांत तो आडवा व्हायला हवा, असा तिचा हिशेब होता आणि तो हिशेब तिनं घासूनपुसून तपासला होता.

तरी चाचण्यांमध्ये मांत्रिकच जिंकत होता. तिरंदाज, वैदू, चोर सगळ्यांना लोळवून सुभेदाराचा योद्धा शेवटी उभा राहायचा आणि चिमणीच्या मांत्रिकापुढे नांगी टाकायचा.

चाचणीचे खेळाडू जाहिरात वाचून आले होते. टेबलावर फक्त टोपणनावं चालत. त्यानं माणूस मोकळा बोलतो, असं खेळ छापणाऱ्या कंपनीच्या मालकाचं म्हणणं. सुभेदार जरा जास्तच मोकळा बोलायचा. प्रत्येक वेळी हरला की सगळ्यांसमोर मालकाला गाठून तो मांत्रिकाच्या नावानं खडे फोडायचा.

मालकाच्या सांगण्यावरून ताईनं आधी अग्निमंत्राचा जोर कमी केला. मग विजेचा पल्ला तोडला. मग मांत्रिकाचं अदृश्य होणंही काढून घेतलं. दर वेळी तिला पोटच्या पोराच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटलं. आणि दर वेळी तो उपाशी पोरगा पुन्हा जिंकून दाखवत होता.

चिमणी तर दिवसेंदिवस खुलत चालली होती. पहिल्यांदा आली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता, की सूत्रधार म्हणून बसलेल्या मालकाला तिचा प्रत्येक मंत्र दोनदा विचारावा लागला. चिमणी हे नाव त्यावरूनच पडलं. आता ती उभी राहून मंत्र म्हणायची आणि सुभेदाराच्या तोंडाला तोंड द्यायची.

शेवटच्या चाचणीआधी मालकानं ताईला केबिनमध्ये बोलावलं. आजही मांत्रिक जिंकला, तर खेळाच्या नियमांचं पुस्तक त्याच्याशिवाय छापायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एका माणसाच्या कुरकुरीवर तुम्ही माझी मेहनत मातीत घालताय, असं ताईनं त्याला सुनावलं. मालक म्हणाला की, प्रश्न कुरकुरीचा नाही, निकालाचा आहे. मग खांदे उडवून त्यानं पुढे जोडलं, की ती मुलगी आकडे फुगवून सांगत असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्येकाचा वीस बाजूंचा फासा आपापल्या खोक्यात पडतो, दुसऱ्याला दिसतो कुठे?

ताई आणखीनच पेटली. पण किडा डोक्यात शिरला होता. त्या दिवशी ती चिमणीला खेटून बसली.

चिमणी स्वच्छ खेळत होती. फाशावर चौदा पडले की चौदाच म्हणायची. सहा पडले तर ओठ चावून सहा म्हणायची. ताईला आपल्या संशयाची लाज वाटली आणि सुभेदाराचा राग दुप्पट झाला. म्हणजे हिशेब तरी चुकला होता, नाहीतर हा माणूस तलवार कशी चालवायची ते न कळता कंठशोष करत होता.

योद्धा आणि मांत्रिक समोरासमोर आले, तेव्हा तिला बसवेना. पाय मोकळे करायला ती उठली आणि टेबलाला वळसा घालून सुभेदाराच्या मागून निघाली. त्याचा फासा खोक्यात गडगडला. एकोणीस. या आकड्यावर मांत्रिक अर्धमेला होणार होता.

“चार,” सुभेदार म्हणाला आणि फासा उचलला.

आपण चुकीचं वाचलं असेल, असं वाटून ताई तिथेच थांबली. पुढच्या खेळीत सतरा पडले. सुभेदारानं ‘दोन’ म्हणून सांगितलं आणि फाशाला शिवी हासडली. त्यावर चिमणीनं उभं राहून वीज पाडली. योद्धा कोसळला. सुभेदारानं टेबलावर मूठ आपटली आणि हा खेळ आहे की थट्टा, असं विचारत तो तणतणत बाहेर गेला.

ताईनं त्याला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. 

“एकोणीस पडले होते,” ती म्हणाली. “सतराही पडले होते. तुमच्या खोटेपणापायी मी माझा मांत्रिक पार सोलून काढला.”

त्यानं नाकारलं नाही. उघड्या दारातून आत चिमणी दिसत होती. हातवारे करून ती तिरंदाजाला आपला शेवटचा मंत्र समजावत होती आणि खळखळून हसत होती.

“ताई,” आतून मालकाची हाक आली, “मग मांत्रिक काढायचा ना?”

“त्यांना सांगून टाका,” सुभेदार हळूच म्हणाला. “मला हाकला, काय करायचं ते करा. फक्त तिच्यासमोर नको.”

“हरायचंच होतं तर गप्प हरायचं,” ताई म्हणाली. “दर वेळी ही बोंब कशाला मारली?”

सुभेदार दाराकडेच बघत होता.

“गप्प हरलो तर मुद्दाम हरतोय हे ती लगेच ओळखेल. तिचा बाप आजवर कधी गप्प हरलेला नाही.”