कढवलेलं तेल

"ब्युरेटवर संशय घेण्याआधी बाटलीला विचार, बाई तू आलीस कुठून?"

अल्का मॅडम निवृत्त होऊन गेल्या, पण गोंदियाच्या त्या प्रयोगशाळेतून त्यांचा आवाज काही गेला नव्हता. रंजिताने ब्युरेटच्या नळीतून पुन्हा थेंब सोडले. फ्लास्कमधलं जांभळं मिश्रण पहिल्याच थेंबांना निळसर हिरवं झालं आणि तसंच राहिलं, म्हणजे थेंब शोषून घेणारं तेलात काही नव्हतं.

गरम फ्लास्कमधून या थेंबांतल्या आम्लाची वाफ निसटायची, म्हणून जुन्या पद्धतीत आकडा ठरत नसे. रंजिताने रबरी बूच बसवून ती वाट बंद केली होती. आता आकडा ठाम येत होता. कुलूच्या झाडाच्या बियांच्या तेलात ती शोधत होती ते घातक स्निग्ध आम्ल जवळपास नव्हतंच.

"और क्या चाहिए तुला?" प्रयोगशाळेचे प्रमुख हिमांशू सर हसले. "तेल चांगलं, पद्धत पक्की. पेपर लिहायला घे."

"सर, कुलूच्या तेलात ते असायलाच हवं."

"म्हणजे आता झाडाला खोटं पाडतेस?"

रंजिता बसली, उठली, परत बसली. शेवटी तिने नवेगाव बांधला फोन लावला. तेल तिथल्या धनवंताबाईंनी घरच्या घाण्यावर काढलं होतं. त्यांची सून गरोदर होती. तेल बाधत नाही असं कळलं की तिलाही द्यायचं, म्हणून त्या निकालाकडे डोळे लावून होत्या.

"धनवंताबाई, मला दिलेलं तेल घाण्यातून निघालं तसंच होतं ना?"

"अवो बाई, पाहुण्याले कच्चं तेल कायले देऊ? धूर निघेवरी कढवलं, मंग तुमची बाटली भरली. कच्चं आमी घरचे खातो."

रंजिताने डोळे मिटले. इतकं तापवलं की ते आम्ल मोडून जातं. बाटलीत सापडणार काय!

"निकाल चांगलाच आला असन ना? सून जेवाले बसून राहिली. टाकू भातावर?"

"नको! मी येते. कच्चं तेल घेऊन जाते, तपासते. तोवर तिला थेंबसुद्धा देऊ नका."

"खरंच येता, का सायबायवानी नुसतंच म्हनता?"

"आजच येते."

"अगं, उद्या कुणाला तरी पाठवू," सर म्हणाले.

रंजिताने एक काचेची बाटली धुतली, वास घेऊन पाहिला, परत धुतली, आणि बस स्टँडकडे निघाली. बाटली रिकामीच होती, तरी सांडेल म्हणून जपावी तशी तिने ती दोन्ही हातांत धरली होती.