बरोबरीचे सेकंद

“थांबव! मागे घे, मागे!”

नादाच्या हातातली कचऱ्याची पिशवी खाली पडली. सलिलने दृश्य मागे नेलं. ढासळलेलं घर, निळं शटर आणि शटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक टक्कल पडलेला माणूस. माश्या हाकलाव्यात तसा तो कॅमेऱ्याला हाकलत होता.

“माझा भाऊ,” नादा म्हणाली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

सिडनीतल्या त्या वृत्तवाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावर ती रोज दुपारी साफसफाईला येई, तेव्हा सलिल सहाच्या बातम्यांची दृश्यं कापत बसलेला असे. तिचं गाव दक्षिण लेबनॉनमधलं, त्याचं चिंचवड. ओळख म्हणाल तर बिस्किटांच्या पुड्यापुरती. पण गावावर बॉम्ब पडल्यापासून चार दिवस तिच्या भावाचा फोन लागत नाही, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

“कधीचं आहे हे?”

“आज सकाळचं. आत्ताच आलंय.”

ती हसली, मग रडली, मग तिथूनच आईला फोन लावला. आई इथेच, सिडनीत राहायची. अरबीत बोलता बोलता तिचा चेहरा पडत गेला.

“विश्वासच ठेवत नाही,” फोनवर हात ठेवून ती म्हणाली. “चार दिवस तुम्ही सगळे मला फसवताय म्हणते. तुझ्या स्क्रीनचा फोटो पाठवते म्हटलं, तर म्हणते, फोनवर मेलेली माणसंसुद्धा नाचतात. चार दिवस पाण्यावर आहे रे ती, ऐंशी वर्षांची बाई. सहाच्या न्यूजवर दिसला तरच जेवेन म्हणते. तुमच्याच न्यूजवर. लागेल ना हे?”

“लागेल की. नो वरीज,” सलिल बोलून गेला.

सहाला दहा कमी असताना हेलन आली. बातम्यांत काय जाणार आणि काय नाही, ते तिच्या हातात. तिने उभ्याउभ्याच पाहिलं.

“सीमेपलीकडच्या त्या बाजूचे बावीस सेकंद, या लेबनॉनच्या बाजूचे चौतीस. बारा काढ. तो खुर्चीवाला बाराच आहे.”

“हेलन, तो आपल्या नादाचा भाऊ आहे. जिवंत आहे तो.”

“गुड ऑन हिम. पण माणूस जिवंत आहे आणि खुर्चीवर बसलाय, यात बातमी काय, मेट? उरलेल्या बावीस सेकंदांत हॉस्पिटल आहे. ते कापू? सांग.”

सलिलने हॉस्पिटलचं दृश्य पुन्हा एकदा चालवून पाहिलं.

“आणि नियम तुझाच आहे,” हेलन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

नियम त्याचाच होता. गेल्या वर्षी भारताच्या सीमेवर तोफा धडधडल्या, तेव्हा आपली वाहिनी ‘त्यांना’ जास्त दाखवते म्हणून याच पठ्ठ्याने फोनच्या स्टॉपवॉचवर सेकंद मोजून, एक्सेलमध्ये तक्ता करून तक्रार पार वरपर्यंत नेली होती. दोन्ही बाजूंना सारखे सेकंद, एक कमी नाही, एक जास्त नाही. वरच्यांना कल्पना भलतीच आवडली. दोन्हीकडून येणाऱ्या शिव्यांना आता एकच उत्तर धाडता येत होतं. क्वेकर्स हिल या उपनगरातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अंगठ्यांचा पाऊस पडला होता, आपला माणूस आत बसलाय म्हणून. तो तक्ता अजूनही समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता, दोन रकान्यांचा.

सलिलने बारा सेकंद काढले. त्याला फार काही लागत नाही, दोन बटणं दाबावी लागतात. नादाला जाऊन सांगायला मात्र तेवढीही ताकद त्याच्यात उरली नाही. मेला असता तर दाखवला असता का, हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

सहाला नादा कॉरिडॉरमधल्या मोठ्या टीव्हीखाली उभी होती. फोन स्पीकरवर होता. पलीकडे आईच्या घरातही हीच वाहिनी लागलेली. निवेदिकेचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. हॉस्पिटल दिसलं. रस्त्यातला खड्डा दिसला. मग त्या बाजूची माणसं, त्यांची जळालेली गाडी, त्यांची रडणारी बाई. मग रग्बी सुरू झाली.

फोनमधून म्हातारीचा आवाज आला. ती रडत नव्हती. नादा घाईघाईने काहीतरी सांगत राहिली, पुन्हा पुन्हा तेच. पलीकडून फोन ठेवला गेला.

सलिल दारात उभा होता. “काय म्हणाली आई?”

“म्हणाली, आता लपवू नका. तो गेला.” नादाने पिशवी उचलून तिला गाठ मारली. “मी म्हटलं, अगं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तर म्हणते, तू बहीण आहेस, तू खोटं बोलशील. ते लोक नाही बोलणार. ते कुणाचीच बाजू घेत नाहीत.”