वाढदिवसाची केळी

नगरसेवकांच्या वाढदिवसाची केळी डायलिसिस वॉर्डात आली. साहेब एकेका पेशंटच्या हातात केळं ठेवून, कॅमेऱ्याकडे बघून हसत पुढे सरकत होते. मागोमाग सरोज सिस्टर टोपली घेऊन तेच केळं परत काढून घेत होत्या.

"एवढं एक खाऊ द्या की," मशीनला जोडलेले ठोंबरेकाका केविलवाणे झाले.

"काका, किडनी गेलेल्याला केळं बाधतं. हृदय बंद पडेल."

कार्यकर्ता खेकसला, "साहेबांनी दिलेलं हिसकावता?"

"हे खाल्लं तर उद्या मयताला हार लागतील. तेही साहेबच आणणार का?"

पुढच्या डायलिसिसला ठोंबरेकाकांनी पडल्यापडल्या पेपर वाचून दाखवला. फोटोत टोपली धरलेल्या सिस्टर, शेजारी हसरे साहेब. खाली छापलं होतं, "साहेबांच्या फळवाटपाला परिचारिकेचा मोलाचा हातभार."