चाकांवरचं वजन

तुम्ही पोलीस अहवालात खोटं लिहिलंत, साहेब. घाटात गाडी आपटून माझा भाऊ पळून गेला, म्हणे! शोध बंद केलात आणि पुढचं सस्पेन्शन तुटलेली त्याची जुनी गाडी माझ्या दारात आणून टाकलीत.

मी आयुष्यात कधी पाना धरलेला नव्हता. तरी ती मीच खोलली. नव्या स्प्रिंगा, सांध्यांमधले नवे रबरी बुश बसवले. शेजारचे मेस्त्री शिकवत होते, "ताई, गाडी हवेत असताना बोल्ट आवळू नका, बुश फाटतील. चाकं ठोकळ्यांवर उतरवा, वजन येऊ द्या. ड्रायव्हरच्या जागी माणूस बसला, की मग आवळा. थांबा, हात धुऊन मीच बसतो."

गाडी उतरवून मी खाली सरपटले. वर सीट करकरली, स्प्रिंग दबली. मी सगळे बोल्ट आवळले.

"मेस्त्री, उतरा आता! झोपलात की काय?"

"अहो, मी अजून नळावरच आहे! ग्रीस निघतंय कुठे?"

मी बाहेर आले. दारं बंद होती, सीट रिकामी. स्प्रिंग अजून तशीच दबलेली आहे, साहेब. भाऊ पळून गेला, तर त्याच्या जागेवर बसलंय कोण? लेखी उत्तर द्या.