भोंगा वाजला की

बंबवाल्याने कळ दाबली आणि भोंगा गरजला. शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी रंगाच्या गोदामाने पेट घेतला होता आणि वारा नेमका घरांच्या दिशेने. तिसरं घर त्याचंच. घरात आई आणि त्याची पोरगी, ठमी. तरी त्याने धीर सोडला नाही. मिनिटभरात गल्ली रिकामी होणार होती. त्यासाठीच तर भोंगा बसवला होता.

लढाई संपली, अग्निशमन केंद्र पुन्हा उभं राहिलं, तेव्हा साहेब घंटा आणायच्या विचारात होते. हा हसला. "अहो साहेब, घंटा कुणाला ऐकू जाणार? लढाईतला भोंगा पडलाय ना छपरावर. चांगला धडधाकट आहे." फुकटात काम होतंय म्हटल्यावर कोण नको म्हणेल? साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

आईने मात्र तोंड वाकडं केलं. "दुसरा आवाज मिळाला नाही का रे तुला? तो ऐकला की अजून विमानंच दिसतात."

"आई, आता विमानं येत नाहीत. भोंगा वाजला की बाहेर पडायचं, मैदानात जमायचं. संपलं."

"बाहेर," आई पुटपुटली आणि समोरच्या काकूंच्या बंद घराकडे बघत राहिली. लढाईत भोंगा वाजला की माणसं तळघरात उतरायची आणि वर लुटारू मोकळे सुटायचे. ओळखीच्या आवाजात हाका मारायचे, आग लागली म्हणून ओरडायचे. काकूंनी एकदा तळघर उघडलं. त्यानंतर ते घर कुणी उघडलं नाही.

बंबवाला घरोघर फिरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरावाच्या दिवशी तर मजाच! आधी दवंडीच पिटली होती, त्यामुळे माणसं भांग पाडून तयार. भोंगा वाजताच हसत-खिदळत मैदानात आली. एका आजोबांनी तर खुर्चीही आणली होती. साहेब खूश, हा त्याहून खूश.

आज दवंडी पिटायला वेळ कुठे होता?

बंब गोदामाकडे सुटला आणि तो स्वतः गल्लीत धावला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वा रे पठ्ठे, निघालेसुद्धा! त्याला हायसं वाटलं. मग त्याने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. मैदानही ओस होतं.

एका उंबऱ्यावर एकच चप्पल पडली होती. कुणाची तरी चहाची किटली चुलीवर उतू जात होती. मग पायांखालून आवाज आला. खट्. शेजारच्या घराखालून आणखी एक. खट्. तळघरांचे अडसर पडत होते.

तो घरात घुसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर आत येत होता आणि तळघराच्या फटींकडे उतरत होता. दार लोखंडी. लढाईत त्यानेच बसवलेलं, पहारीलाही दाद न देणारं.

"आई! उघड! आग लागलीय, खरंच लागलीय!"

त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं. बाहेर भोंगा ओरडतच होता. तो बंद करायची कळ केंद्रावर, आणि केंद्राकडच्या वाटेवर आता नुसता धूर.

"आई, मी आहे गं! तुझ्या पाया पडतो, उघड!"

आतून ठमीचं रडणं ऐकू आलं. "आजी, बाबा आलाय."

"गप्प बस, माझे बाई," आई म्हणाली. आवाज थरथरत होता, पण पक्का होता. "बाबानेच मला शपथ घातलीय. भोंगा थांबेपर्यंत उघडायचं नाही, हाक त्याच्या आवाजात आली तरी."