आईवाला, बाबांवाला

“आईवाला तापतो,” मुलगा म्हणाला. “बाबांवाला तापत नाही, पण त्याचा पंखा फार आवाज करतो.”

समुपदेशक बाईंनी मान डोलावली. गेमिंग लॅपटॉपमधले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. पण मूल एखाद्या वस्तूविषयी बोलू लागले की तिच्याआडून ते स्वतःविषयीच बोलत असते, एवढे अठरा वर्षांच्या नोकरीने त्यांना शिकवले होते.

कौटुंबिक न्यायालयाच्या मागच्या अंगाची ती अरुंद खोली. खिडकीला दुधी काच, कोपऱ्यात लहानग्यांसाठी ठेवलेली लाकडी गाडी. तिचे एक चाक केव्हाच निखळलेले. चौदा वर्षांचा हा मुलगा गाडीकडे पाठ करून बसला होता. मांडीवरच्या वहीत त्याने पट्टीने मधोमध रेघ आखली होती. एका बाजूला आईने पाहिलेला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला बाबांनी पाहिलेला. दोन्हीकडे बारीक अक्षरात गुणदोष.

त्याच्या आईबाबांचा घटस्फोट ठरला होता. घराची, सामानाची वाटणी कुरकुर न होता झाली होती. मुलगा कोणाकडे राहणार, एवढाच प्रश्न उरला होता. त्यावरची बाईंची शिफारस आज दुपारी न्यायाधीशांपुढे जायची होती, आणि ती सहसा डावलली जात नसे.

‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न बाईंनी आजवर एकाही मुलाला विचारला नव्हता. तो विचारणे म्हणजे मुलाच्या हातात सुरी देऊन कुठे चालवशील ते विचारणे, असे त्या नव्या सहकाऱ्यांना बजावत. त्या आडून जात. सायकल कुठल्या घरी ठेवशील, मांजर कुणापाशी झोपेल, असे काहीतरी विचारत. आज मुलानेच लॅपटॉपचा विषय काढला, आणि त्यांचे काम सोपे झाले.

गेल्या आठवड्यात आईबाबांना त्यांनी वेगवेगळे बोलावले होते, तेही चिखलफेक ऐकण्याची पुरती तयारी ठेवून. पण आई नवऱ्याविषयी एक वाकडा शब्द बोलली नाही. ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करी. नवऱ्याच्या नव्या घरात मुलाला स्वतंत्र खोली मिळेल, शाळाही जवळ पडेल, या वयात बापाचा धाक असलेला बरा, असे तिने शांतपणे सांगितले. बाप पुलांच्या बांधकामावरचा इंजिनीअर. आईच्या मायेची सर आपल्याला सात जन्मांत येणार नाही, हे त्याने न विचारता कबूल केले. अहवालातल्या ‘परस्परांविषयी आदर’ या रकान्यात बाईंनी नोकरीत प्रथमच पूर्ण गुण दिले. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक ते पाहून म्हणाला होता, “इतकं गोड बोलता येतं तर काडीमोड कशाला घेताय म्हणावं, मॅडम.”

लॅपटॉपचे मात्र आज त्यांना खटकले. दोघांनीही मुलाला आपापल्या परीने आमिष दाखवले होते. पण जीव तुटतो तेव्हा शहाणी माणसेही अशी चुकतात, असे म्हणून बाईंनी तेवढे पोटात घातले.

“आईने स्वतः जाऊन पाहिला?” त्यांनी विचारले.

“हो. सुट्टी काढून.” मुलाने वहीतून डोके वर काढले नाही. “मला टायफॉइड झाला होता तेव्हा नव्हती मिळाली सुट्टी. या वेळी मिळाली.”

“आणि बाबा?”

“ते रोज फोन करतात. ठरलं का रे, म्हणून. आईपण रोज विचारते.”

दोन्ही का घेत नाहीस, असे बाईंनी सहज विचारून पाहिले. एकच मिळणार, असे तो म्हणाला. तसे कोणी सांगितले, तर दोघांनीही. एकदा निवडला की बदलता येणार नाही, म्हणून तो तीन आठवडे माहिती गोळा करत होता. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला त्या एकावरच दिवस काढायचे होते.

“मग?” बाई शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मुलाने रेघेच्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा वाचल्या. त्याचा अंगठा आधी एका बाजूवर थांबला, मग दुसऱ्या. बाईंनी घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसणे हेच आपले खरे काम, असे त्या मानत.

“आईवाला,” तो शेवटी म्हणाला. “तापला तर तापला. हेडफोन लावले की त्यात बाहेरचं काही ऐकू येत नाही.”

बाईंनी अहवाल पुढे ओढला. त्याच्या तळाशी, ‘मुलाचा ताबा आईकडे असावा’, असे त्यांनी ठळक अक्षरात लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि घंटी वाजवली. टंकलेखक आला, कागद घेऊन न्यायाधीशांच्या दालनाकडे गेला. एका मुलाला न दुखावता त्याच्या मनातले काढून घेतले, याचे समाधान बाईंच्या चेहऱ्यावर उमटले.

“आई खूश होईल,” त्या म्हणाल्या.

“हो. फार.”

“आजच सांग तिला. तुझं कपाट लावून ठेवील.”

“तिच्याकडे कशाला?” वही दप्तरात सरकवत मुलगा म्हणाला. “आईवाला लॅपटॉप मी बाबांकडे राहायला गेलो तरच मिळणार आहे. बाबांवाला, आईकडे राहिलो तर.”