रविवारची हुमणी

"आज एकही निघाली नाही, तर तुम्ही सुटलात," नर्सरीवाला म्हणाला आणि त्याने गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरून गुलाबाची कुंडी त्यावर आडवी केली.

"सुटले तर सुटले," बाई म्हणाल्या. पण सुटकेचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर काही केल्या उमटेना.

बाई म्हणजे चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. निवृत्त झाल्या तरी आख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे. नवरा गेल्यावर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत राहायला आल्या, त्या एक गुलाब बरोबर घेऊन. यंदा त्या गुलाबाच्या पानांची चाळण झाली, मग रोपच मुळापासून डुगडुगायला लागलं. तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याला बोलावलं.

त्याने पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. "भुंगेरे संध्याकाळी येऊन पानं खातात आणि मातीत अंडी घालतात. त्यातून ही हुमणी निघते. मुळं कुरतडते." तळहातावरची गुबगुबीत पांढरी अळी त्याने बाईंना दाखवली होती. "खतातली अळी वेगळी. ती पाठीवर चालते. बिचारी कोणाच्या अध्यात ना मध्यात."

त्याला आज नऊ रविवार झाले. रोपाला नवी पालवी फुटली होती, दोन कळ्याही धरल्या होत्या. हुमणी मात्र हटायचं नाव घेत नव्हती.

बाई जगाला दादा, काका, भाऊ म्हणत. दूधवाला दादा, वॉचमन काका, इस्त्रीवाला भाऊ. नर्सरीवाल्याला मात्र त्या नुसतं "अहो" म्हणत, आणि म्हटलं की दर वेळी उगाच चष्मा सारखा करत.

"अहो, लेकीने औषध पाठवलंय." बाईंनी एक पुडा पुढे केला. "एकदा टाकलं की खेळ खलास, म्हणते. रोज फोनवर डोकं खाते माझं. आई, एका कुंडीसाठी दर आठवड्याला माणूस कशाला लागतो गं?"

नर्सरीवाल्याने पुडा उलटसुलट करून पाहिला. चष्मा तो घरी विसरून आला होता, तेव्हा त्याला त्यावरचं अक्षरही दिसत नसावं.

"फार जहाल आहे," तो म्हणाला. "गांडुळंसुद्धा मरतील."

बाईंच्या जिवात जीव आला. "मग नकोच. गांडुळांनी काय घोडं मारलंय कोणाचं?"

"हाताने वेचलेलं बरं. वेळ जातो, पण..."

"वेळ काय, आहेच की."

वेळच तर होता. सोमवार ते शनिवार घरात स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून त्या कंटाळून जात. शनिवारी संध्याकाळी भाज्यांची सालं टाकायला इमारतीमागच्या खतखड्ड्याकडे जाताना मात्र त्यांची पावलं हलकी पडत. उद्या कोणीतरी येणार असे, समोर बसून चहावर फुंकर घालणार असे, गुडघा कसा आहे म्हणून विचारणार असे. तो त्यांना यायला हवा होता. हे त्यांनी स्वतःपाशी केव्हाच कबूल केलं होतं. त्याच्यापाशी करायचं धाडस या वयात होत नव्हतं.

त्याचीही बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मातीत हात घालायला तो इस्त्रीचा शर्ट घालून येई.

"बाई, चहा टाकता का आधी?" त्याने विचारलं.

बाई आत गेल्या. चहाला उकळी येईपर्यंत गॅलरीत डब्याचं झाकण वाजलं. तो डबा तो दर रविवारी आणायचा. झाकणाला भोकं पाडलेली, तळाशी ओली माती. वेचलेल्या अळ्या तो त्यातून घेऊन जाई. कोंबड्यांसाठी, म्हणे.

बाई दोन कप घेऊन आल्या, तर तो त्यांच्याकडे पाठ करून खुरप्याने माती उकरत होता.

"एक," तो म्हणाला. "दोन. या दोघी चिकटूनच बसल्यात, म्हणजे चार. पाच."

पाचवी अळी वर्तमानपत्रावर पडली, उलटी झाली आणि पाठीवर लगबगीने चालायला लागली. दोघांनीही ती पाहिली. नर्सरीवाल्याने तिला चटकन उचलून डब्यात टाकलं.

"ऊन किती वाढलंय नाही?" बाई म्हणाल्या.

"फारच," तो म्हणाला. "सहा. सात."

"संपल्या वाटतं." बाईंनी कप खाली ठेवायला हात पुढे केला.

"थांबा, इतक्यात कुठलं?" त्याने मुळांशी पुन्हा बोटं घातली. "आठ. नऊ. ही दहा. आणि ही अकरा."

बाईंचा हात तसाच राहिला.

"अकरा," मान वर न करता तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पुढच्या रविवारी यावंच लागणार."

बाईंनी मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजून पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. काल संध्याकाळी खतखड्ड्यातून आणून त्यांनी कुंडीत सोडल्या होत्या त्या सातच.